राहून राहिली

वरची खोली आम्ही मुतिंताला दिली,
लुसाकाहून आलेल्या इंग्रजीच्या मॅडमला,
मानेवाड्याला, पिठाच्या चक्कीमागे.

क्लासच्या कोहाड सरांना खरं तर गोरी पाहिजे होती
पोस्टरवर लावायला.
फोनवर आवाज ऐकला अन् हो म्हणून बसले.
एअरपोर्टवर तिच्या नावाची पाटी धरून उभे,
ती समोर आली तर म्हणाले,
जरा बाजूला व्हा, आमच्या मॅडम येऊन राहिल्या.
हे तिनंच सांगितलं, माझ्यासोबत तांदूळ निवडता निवडता,
हसून हसून.
मी हसली नाही.
डिपॉझिट घेताना मीच विचारलं होतं,
भेटायला किती लोक येतील,
अन् रात्री किती वाजेपर्यंत.

नवतपाच्या तोंडावर आली.
पहिल्या रात्री कूलर कोरडाच चालवला बिचारीनं.
सकाळी मी टाकीत पाणी सोडलं, ताट्या भिजल्या,
वाळ्याचा वास सुटला,
तर ही जाळीला नाक लावून उभी.
काहीतरी बोलली. इंग्रजी नव्हतं ते.

मराठी तिची पुस्तकातली, इस्त्री केलेली.
मी बाजारात जात आहे.
मला कोथिंबीर हवी आहे.
भाजीवाली म्हणाली, सांभार का?
ही म्हणाली, नको, कोथिंबीर.
सांभाराच्या ढिगासमोरून
रिकामी पिशवी घेऊन घरी.

एकदा जिन्यातून हाक दिली,
काय करून राहिली गं?
ती वही घेऊनच खाली उतरली.
'करून' म्हणजे झालं.
'राहिली' म्हणजे थांबली.
मग काम चालू आहे की संपलं?

सत्तेचाळीस वर्षं बोलून राहिली मी,
हे वाक्य कधी उघडून पाहिलं नव्हतं.
म्हटलं, आमच्याकडे असंच, बाई.
पुण्याच्या जाऊबाई हसतात आम्हाला.
जाऊन राहिली, येऊन राहिली, रडून राहिली,
कोणतंही काम करा, त्याच्या मागे
एक राहणं लागते.
तिनं लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

छत्रपती चौकात बाइकवरची पोरं
काहीतरी ओरडून गेली तिला.
शब्द जसाच्या तसा पाठ करून आणला,
अर्थ विचारला.
मी म्हटलं, काही नाही, गाडीचं नाव आहे.
हा शब्द तिनं वहीत लिहिला नाही.
म्हणजे कळलं होतं.
दोन दिवस खाली आली नाही.
तिसऱ्या दिवशी मी पाटवड्यांचा डबा घेऊन वर गेली,
खोटं बोलली म्हणून नाही म्हटलं,
फक्त म्हटलं, तिखट आहे, सांभाळून.

बारापात्रेंचा यशोधन तिच्या बॅचला.
निबंधात लिहिलं,
आय ॲम बिलाँगिंग टू नागपूर.
तिनं मला दाखवलं. म्हणाली, हे चूक.
काही क्रियापदं चालू नसतात, एक तर असतात नाही तर नसतात.
माणूस एखाद्या गावचा असतो किंवा नसतो,
होत असतो असं इंग्रजीत नाही.
लाल पेन उघडं होतं हातात.
खाली चक्की सुरू झाली, भिंत थरथरली,
पेनाचं टोपण लावून
तिनं पुढचा पेपर घेतला.

दिवाळीनंतर कूलरवर माझं जुनं लुगडं टाकलं.
गच्चीवर उन्हात संत्री सोलत
ती आईशी फोनवर तासतास बोलते.
मधेच एखादा शब्द ओळखीचा येतो,
चक्की, ऑटो,
एकदा तर माझं नाव.

पोस्टरवर अजून ती गोरीच बाई आहे,
कुठूनतरी उतरवलेली, दात दाखवणारी.
कोहाड सर म्हणतात, पुढच्या वर्षी बदलू.

काल बाजारात भाजीवालीनं विचारलं,
मॅडम, कुठं राहून राहिल्या आजकाल?
मी बोलणार, तेवढ्यात हीच म्हणाली,
मानेवाड्याला. राहून राहिली.
अन् दहाचा सांभार द्या.

अर्धी जुडी मला दिली, पायरीवरच,
मुळांची माती झटकून.